तेल गेलं, धुपाटणं कुणाच्या हाती?

आमच्या नागपूरचं नाव एरवी संत्र्यांसाठी, उन्हाळ्यासाठी आणि हिवाळी अधिवेशनासाठी बातम्यांत येतं. जुलै २०२५ मध्ये ते आलं समोसा-जिलबीसाठी. मिहानमधल्या एम्सच्या उपाहारगृहात कोणत्या पदार्थात किती तेल आणि किती साखर आहे हे सांगणारे फलक लागणार, अशी बातमी होती. तिचं दोन दिवसांत रूपच पालटलं. सिगारेटच्या पाकिटावर असतो तसा इशारा आता समोशावरही येणार, असं जो तो सांगू लागला. शेवटी १५ जुलैला केंद्र सरकारने खुलासा केला की ठेलेवाल्यांच्या पदार्थांवर इशारे लावा असं कुणी म्हटलेलंच नाही, कार्यालयांमध्ये लोकांना लपलेल्या तेल-साखरेची जाणीव व्हावी म्हणून फलक लावा, एवढंच सुचवलं आहे. पण खुलासा वाचतो कोण? आमच्या भिशीत त्या महिन्यात विषय एकच होता. अकरा जणींपैकी सहा जणींकडे एअर फ्रायर आलेला होता, सातवी मी. आठवीने तिथल्या तिथे मोबाइलवर ऑर्डर टाकली.

वातावरण आधीपासून तापलेलं होतंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये लठ्ठपणाचा विषय काढला आणि घराघरांतलं तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं आवाहन केलं. पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरूनही ते पुन्हा बोलले. बोलण्यासारखी परिस्थिती आहे, हे नाकारून चालणार नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका जाड किंवा लठ्ठ निघाल्या. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात माणशी वर्षाला १९.७ किलो खाद्यतेलाचा आकडा आहे, आणि आहारतज्ज्ञ १२ किलो पुरे म्हणतात. आपल्याला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, हा डॉलरचा मामला वेगळाच.

आणि इथे विदर्भातल्या बाईला आणखी एक गोष्ट दिसते. आपल्याकडे सोयाबीन पिकतं. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना आमच्या नात्यातल्या शेतकऱ्यांनी त्याहून कमी भावात पोती विकली. त्यांना आधार म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून वीस टक्के झालं. तेल महागलं. मग ग्राहक ओरडले म्हणून ३० मे २०२५ ला ते वीसवरून दहावर आलं. म्हणजे एकीकडे तेल कमी खा, दुसरीकडे स्वस्त तेल बाहेरून येऊ द्या! शेतकऱ्याने आणि गृहिणीने नेमकं कुणाकडे बघायचं? असो. हा विषय मोठा आहे, आणि माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या बाईने तो इथेच सोडलेला बरा. मी माझ्या ओट्यापुरतं बोलते.

आमच्याकडे हे यंत्र आलं ते यांच्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टमागोमाग. मुलाने परस्पर मागवलं. मला विचारलं असतं तर मी आधी चार प्रश्न विचारले असते, आणि तेच आता तुम्हाला सांगते, कारण दुकानात ते कुणी सांगत नाही.

पहिलं म्हणजे, हा 'फ्रायर' नाही. फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र आणलं तेव्हा नाव असं ठेवलं की सगळं जग भुललं. प्रत्यक्षात तो जोरदार पंख्याचा छोटा ओव्हन आहे. वर तापणारी कॉइल, तिच्यामागे पंखा, खाली जाळीची टोपली. गरम वारा पदार्थाभोवती फिरतो आणि वरचं पाणी उडवतो, म्हणून कुरकुरीतपणा येतो. कढईतलं तेल पदार्थाला सगळीकडून एकदम बिलगतं आणि वाऱ्यापेक्षा कितीतरी लवकर उष्णता देतं. ती गंमत वाऱ्याला यायची नाही. हे एकदा मनाशी पक्कं केलं की निम्मी निराशा टळते.

दुसरं, लिटरच्या आकड्याला भुलू नका. चार लिटर, सहा लिटर हे ऐकायला बरं वाटतं, पण पदार्थ एकाच थरात मांडावा लागतो, त्यामुळे टोपली किती खोल आहे यापेक्षा तिचा तळ किती रुंद आहे हे बघायचं. आमची चार लिटरची गोल टोपली. चौघांच्या आळूवड्यांना तीन घाणे लागतात. पहिला घाणा खाणारा हात धुऊन मोकळा होतो तेव्हा माझा तिसरा आत जातो. चार माणसांच्या घराला सहा लिटरची, चौकोनी बरी.

तिसरं, वीज. बहुतेक यंत्रं १,४०० ते १,८०० वॅटची असतात. आपल्या स्वयंपाकघरात मिक्सर लावतो ते बारक्या भोकांचं सॉकेट ६ अँपिअरचं. १,५०० वॅटचं यंत्र साडेसहा अँपिअर खेचतं. म्हणजे त्याला फ्रीज-गीझरसारखं १६ अँपिअरचं जाड सॉकेटच हवं. आमच्या घराचं वायरिंग पंचवीस वर्षांपूर्वीचं. मुलाने जाड पिनेला कन्व्हर्टर लावून ते मिक्सरच्या बोर्डात खोचलं आणि तिसऱ्या दिवशी मला जळकट वास आला. बघते तो सॉकेटचं प्लॅस्टिक पिवळं पडून वाकलेलं! इलेक्ट्रिशियनला बोलावून वेगळी लाइन ओढून घेतली, तो खर्च यंत्राच्या किमतीत कुणी धरत नाही. एक्स्टेंशन बोर्डावर तर मुळीच लावू नका. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, कारण मागून गरम वारा निघतो. माझ्या मसाल्याच्या डब्याचं झाकण त्या वाऱ्याने वाळलेल्या पापडासारखं वाकलं.

चौथं, सुटी टोपली मिळते का, कितीला मिळते, आणि सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे का. हे आधी विचारा. कोटिंग गेलं तर ते वॉरंटीत बसेल या भरवशावर राहू नका. आयएसआयची खूण बघा, विशेषतः ऑनलाइन स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर. मार्च २०२५ मध्ये भारतीय मानक ब्युरोने मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या गोदामांवर छापे घातले तेव्हा गीझर, मिक्सर अशा हजारो वस्तू खुणेशिवाय सापडल्या होत्या. बटणांचं पॅनल की फिरवायची खुंटी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. आमच्या सासूबाईंना खुंटीचं जमतं, टच पॅनलला त्या हात लावत नाहीत.

आता वापर. आळूवडी आणि कोथिंबीरवडी, म्हणजे आधी वाफवलेलं काहीही, यात उत्तम होतं. ब्रशने हलका तेलाचा हात फिरवायचा, १८० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. भेंडी, सुरणाचे काप, शेंगदाणे, मखाणे, पनीर, कोंबडीचे तुकडे, छान. शिळा समोसा मायक्रोवेव्हमध्ये लिबलिबीत होतो तो इथे पुन्हा खुसखुशीत होतो. पापड ठेवलात तर मात्र वर जाळी ठेवा, नाहीतर तो वाऱ्याने उडून कॉइलला चिकटतो. चिवड्याच्या पातळ पोह्यांचंही तेच. आमच्या घरात पहिल्या दिवशी पोहे आत गरगर फिरत होते आणि आम्ही सगळे यंत्रासमोर टीव्ही बघावा तसे उभे!

आलूबोंडा नाही होत. बेसनाचं ओलं पीठ जाळीतून खाली गळतं आणि वर राहतो तो उघडा बटाटा. पुरी नाही, भजी नाही. सांबारवडीसाठी मी तीन वेळा जीव टाकला. पारीला तेल लावून बघितलं, तुपाचं मोहन वाढवून बघितलं. सारण झकास, पारी मात्र खापरासारखी. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ही भाजलेली करंजी आहे." त्यानंतर सांबारवडी कढईतच. वर्षातून चारदा करतो, ती मनासारखी का असू नये?

बटाट्याचे काप करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे तापले की ॲक्रिलामाइड तयार होतं. कर्करोगाच्या दृष्टीने ते संशयास्पद मानलं जातं. तेल नाही म्हणून ते होत नाही असं नाही. काप अर्धा तास पाण्यात ठेवून, निथळून, फडक्याने कोरडे करा, आणि सोनेरी झाले की काढा, तपकिरी होईपर्यंत थांबू नका.

आता मी केलेला हिशोब सांगते, कारण यावर मी भिशीत भांडलेय. यंत्र येण्याआधी आमच्याकडे महिन्याला पाच लिटर तेल लागायचं. त्यातलं तळणासाठी किती हे मी एक महिना कॅलेंडरवर लिहून ठेवलं. जेमतेम एक लिटर निघालं! बाकी चार लिटर रोजची फोडणी, पोळ्या, भाज्यांवरचा तवंग. म्हणजे आम्ही ज्या एक लिटरवर सात हजारांचं यंत्र आणलं, त्याच्या चौपट तेल माझ्या हातातल्या पळीतून जात होतं. पळी बाजूला ठेवून चहाचा चमचा घेतला, आणि दोन महिन्यांत आणखी एक लिटर कमी झालं. त्याला खर्च आला शून्य रुपये.

आणि पैशांचं म्हणाल, तर लिटरला दीडशे धरले तर यंत्राने महिन्याला दीडशे वाचवले. यंत्र रोज वीसेक मिनिटं चालतं, म्हणजे जवळजवळ अर्धं युनिट, महिन्याला पंधरा. आमच्या बिलावर शंभर युनिटांच्या पुढचा दर सगळे आकार धरून दहा रुपयांच्या वर जातो. झाले दीडशे. थोडा गॅस वाचतो, तेवढाच काय तो नफा. तेव्हा तब्येतीसाठी घ्या, सोयीसाठी घ्या, पण "पैसे वसूल होतात" असं म्हणणारीला माझं कॅलेंडर दाखवा. पाच लिटरच्या हिशोबाने आम्ही माणशी वर्षाला पावणेचौदा किलोच खात होतो. देशाची सरासरी एकोणीस-वीस होते ती घरच्या पळीबरोबर बाहेरचं फरसाण, बिस्किटं आणि हॉटेलं धरून. तिथे कुणाच्या एअर फ्रायरचा वारा पोचत नाही.

मी ज्या बचत गटाबरोबर काम करते, त्या अकरा बायका दरवर्षी दिवाळीचा फराळ विकतात. २०२५ च्या दिवाळीत कॉलन्यांमधून फोन यायला लागले, "ऑइल फ्री चकली आहे का?" दोन मोठ्या ऑर्डरी त्यावर अडल्या. गटाने विचारलं, ताई, यंत्र घ्यायचं का? मी माझं यंत्र वस्तीत नेलं. एका वेळी आठ चकल्या बसल्या. पंधरा मिनिटांनी निघाल्या त्या इतक्या कडक की गटातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "हे तं दातावर उठलं बाई." कढईत तेवढ्या वेळात दोन किलो होतात. बायकांनी डोकं चालवलं. चिवडा भाजका केला, शंकरपाळी भट्टीवर भाजून आणली, चकली तेलातच ठेवली, पण पाकिटावर लिहिलं, 'तेल एकदाच वापरलेलं.' हे मला फार महत्त्वाचं वाटलं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जे घातक घटक साचतात, त्यांची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून पंचवीस टक्के ठरवली आहे. त्याबद्दल मात्र भिशीत कुणी बोलत नाही. एक ऑर्डर टिकली, एक गेली. गेलेली ऑर्डर म्हणजे त्या अकरा जणींचे प्रत्येकी सातशे रुपये.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले, ती. साफसफाई.

टोपलीला काळं नॉन-स्टिक कोटिंग असतं. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात अशा भांड्यांबद्दल सांगितलं आहे की ती १७० अंशांच्या वर तापली तर धोका संभवतो आणि कोटिंग झिजलेलं भांडं टाकून द्यावं. एअर फ्रायर तर १८०-२०० वरच चालतो. कोटिंग शाबूत असेल तोवर मी घाबरत नाही, पण ओरखडे पडून पापुद्रे निघू लागले की ती टोपली संपली असं समजायचं. म्हणून घासणं हीच खरी गोष्ट. यंत्र बंद करून पिन काढा, टोपली कोमट झाली की तिच्यात गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून वीस मिनिटं ठेवा, मग मऊ स्पंजने पुसल्यासारखं घासा. चिकटलेलं असेल तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावा, जाळीच्या भोकांना जुना दात घासायचा ब्रश. तारेची घासणी, राख, पावडर काही नको. आतून स्टीलचा चमचा किंवा चिमटाही फिरवू नका. पंधरा दिवसांतून एकदा, यंत्र पूर्ण गार झाल्यावर आडवं करून वरची कॉइल घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपून घ्या. तिथे चरबी साचली की पांढरा धूर येतो आणि जळका वास पुढच्या प्रत्येक पदार्थाला लागतो. मुख्य यंत्र पाण्यात घालायचं नाही, नळाखालीही धरायचं नाही.

हे सगळं मी पुस्तिकेत वाचलं. पुस्तिका इंग्रजीत आणि हिंदीत होती. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींना ती कुणी वाचून दाखवली?

नोव्हेंबरमध्ये एक दिवस मावशी आल्या त्या गप्प. शेजारच्या इमारतीत एका घरी त्यांचे महिन्याला दोन हजार. त्या घरच्या टोपलीचं कोटिंग निघालं, नवीन टोपली अठराशेला, आणि बाईंनी ते अठराशे पगारातून कापले. हातात दोनशे. "मी तं रोजच्यासारखंच घासलं जी," मावशी म्हणाल्या, "काळं आहे म्हणून जास्तच घासलं. मला वाटलं करपलं आहे." मला काही सुचेना. पातेल्याचं काळं बूड तारेने घासून चकचकीत करणाऱ्या बाईला आपणच वर्षानुवर्षं शाबासकी देत आलोय ना? मग एका सकाळी ओट्यावर असं भांडं येतं, ज्याचा काळा रंग जपायचा असतो, आणि ते तिला आपोआप कळावं अशी आपली अपेक्षा.

मी त्या घरी गेले. बाई ओळखीच्या, चांगल्या, भिशीतल्याच. त्या म्हणाल्या, "सात हजारांची वस्तू आहे, कुणीतरी जबाबदारी घ्यायला नको का?" मी विचारलं, तुम्ही सांगितलं होतं का? त्या म्हणाल्या, "एवढं काय सांगायचं त्यात." मी घरी आले आणि आपली टोपली उजेडात धरली. तिच्यावरही ओरखडे होते, बारीक, अर्धगोल. ते मावशींच्या घासणीचे नव्हते. माझ्या स्टीलच्या चिमट्याचे होते. माझा पगार कोण कापणार?

महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा. त्यात नोंदणी आहे, मदतीच्या योजना आहेत, पण ओट्यावर उभं राहून "हे कापू नका" असं म्हणायला तो येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं केंद्राला सांगितलं. तो होईल तेव्हा होईल. तोवर दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. महागडी, नाजूक वस्तू घरात आणली तर ती कशी धुवायची हे मावशींना पहिल्या दिवशी हाताने करून दाखवायचं, नाहीतर ती स्वतः धुवायची. आणि तुटफुटीचे पैसे पगारातून कापायचे नाहीत, कारण तो नफा-तोट्याचा धंदा नाही, तो एका घराचा किराणा आहे.

डिसेंबरच्या भिशीत मी हे बोलले. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. दोघी जणी उठून चहा करायला गेल्या. एकीने विचारलं, "मग टोपलीचे पैसे कुणी भरायचे?" मी म्हटलं, ज्याने यंत्र आणलं त्याने. वाद झाला, आवाज चढले. मी आता आमची टोपली स्वतः धुते. मावशींना मऊ स्पंज आणून दिलाय, तो त्या बाकीच्या तीन घरीही नेतात. संक्रांतीला त्या बाईंनी तिळगुळाबरोबर मावशींच्या हातावर नऊशे रुपये ठेवले. उरलेले नऊशे अजून यायचे आहेत.